कॉलेज ठेवू का अंतरपाट? (बीकॉम दुसरं वर्ष, कोल्हापूर)

रंकाळ्याची_मासोळी
शनिवार १४ मार्च, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसतं वाचत होतो, आज लिहितोय कारण डोकं फुटायची वेळ आलीय आणि घरात बोलायला गेलं की भांडण होतंय.

मी बीकॉम दुसऱ्या वर्षाला, सेम ४. कॉलेज शहरातलंच (नाव नको, सर लोक इथं फिरत असतात), विद्यापीठ आपलंच शिवाजी. दहावीच्या सुट्टीत मावसबहिणीच्या लग्नाला अंतरपाट रंगवला होता, दोन बाजूला हत्ती, मधे कमळात दोघांची नावं आणि खाली पैठणीच्या काठासारखी किनार. त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरला, एकीनं मागितला, मग तिच्या नणंदेनं, मग इन्स्टावर पेज काढलं आणि आता सीझनला फोन बंद ठेवावा लागतोय अशी परिस्थिती हाय. कापड गांधीनगरातनं होलसेलमध्ये आणतो, साधा पाहिजे असला तर इचलकरंजीचा मांजरपाट. सोबत रुखवताचं पण थोडं करतो.

घोळ असा की मुहूर्त आणि परीक्षा एकाच वेळी येतात. तुळशीचं लग्न लागलं की इकडं लग्नं सुरू आणि तिकडं सेमिस्टर परीक्षा. गेल्या वेळी तेच झालं, सेम ३ ला स्टॅटिस्टिक्स राहिला. यंदा तर कहर हाय, १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, त्यामुळं जो तो म्हणतोय आमचं अधिकाच्या आत उरकायचंय. आत्ता वहीत २६ ऑर्डरी आहेत, सगळ्या १५ मेच्या आतल्या, आणि परीक्षा त्याच दरम्यान. अटेंडन्स ५८ टक्के, मॅडमनी बोलवून घेतलं होतं.

आण्णा म्हणतात (ते उद्यमनगरात लेथवर आहेत) पदवी हातात घे मग काय रंगवायचं ते रंगव. आई काही बोलत नाही पण ऑर्डरीचे फोन तीच घेते. मला तीन वाटा दिसतात, एक वर्ष ड्रॉप, नाहीतर बाहेरून बीकॉम, नाहीतर तिसरं वर्ष संपेपर्यंत धंदा बंद. कुणी यातनं गेलंय का? उपदेश नको, काय केलं ते सांगा.

गंगावेस_कट्टा

तिसरी वाट आधी खोडून टाक. दीड वर्ष बंद ठेवलंस तर गिऱ्हाईक काय तुझ्यासाठी लग्नं थांबवणार हाय? पेज थंड पडलं की पडलं, आणि तोवर तुझं बघून चार जणी तेच करायला लागतील, आत्ताच लागल्या असतील.

आणि कोल्हापुरात कलेला डिग्री कधीपासनं लागायला लागली? बाबूराव पेंटर कुठल्या कॉलेजात गेले होते? सिनेमाचा कॅमेरा स्वतःच्या हातानं केला माणसानं. लोकांनी इथं आधी काम केलं आणि मग नाव झालं. नाद खुळा काम हाय तुझं, पेज बघितलं मी.

गोदाकाठ

दादा, मी नाशिकची. माझ्या भावाचं असंच झालं होतं. तुम्ही मुलगा असून अंतरपाट रंगवता याचं फार कौतुक वाटलं, आमच्याकडे मुलं या कामात दिसत नाहीत.

गंगावेस_कट्टा

😂😂 ती ताई हाय हो. कोल्हापूरच्या पोरी पण करतो-जातो-येतोच म्हणत्यात.

गोदाकाठ

अगं बाई! सॉरी ताई. कौतुक तेवढंच ठेवते.

खडू_फळा

मी कॉमर्स शिकवतो, जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात. उपदेश नको म्हणालीस म्हणून फक्त नियम सांगतो.

तू २०२४-२५ ला प्रवेश घेतला असशील तर नवीन शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात आहेस. त्यात मधे थांबायची सोय आहे, एक वर्ष झालं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांला डिप्लोमा, तीन वर्षांला पदवी. क्रेडिट एबीसीच्या (ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) खात्यात राहतात, सात वर्षं चालतात, आणि बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येतं. हे ऐकून पोरं खूश होतात, पण दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक म्हणजे बाहेर पडताना डिप्लोमा आपोआप मिळत नाही, त्यासाठी वेगळे जादा क्रेडिट करावे लागतात. दुसरं, तुझा स्टॅटिस्टिक्स राहिलाय म्हणजे तुझे दोन वर्षांचे क्रेडिटच पुरे नाहीत. तो विषय सुटल्याशिवाय "डिप्लोमा घेऊन थांबते" हे म्हणण्याला अर्थ नाही.

बाहेरून करायचं तर विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र आहे, नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे. त्या पदवीला कमी समजायचं कारण नाही, यूजीसीनं २०२२ मध्येच स्पष्ट केलंय की मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची. पण दोन वर्षं झाल्यावर मधेच गाडी बदलताना कुठले विषय जुळतात, कुठले परत द्यावे लागतात हे आधी लेखी विचार. तोंडी उत्तरावर जाऊ नकोस, काउंटरवरचा माणूस बदलला की उत्तर बदलतं.

अजून एक. तिसऱ्या वर्षात ओजेटी आहे, ऑन जॉब ट्रेनिंग, चार क्रेडिट. मुलं कुठल्यातरी ओळखीच्या ऑफिसात जाऊन शिक्का मारून आणतात. तुझ्याकडं तर खरा धंदा आहे, हिशेब आहेत, गिऱ्हाईक आहे. तो ओजेटीत कसा बसवता येईल हे विभागप्रमुखांना आत्ताच विचार, जूनमध्ये नको.

आणि अटेंडन्सचं ७५ टक्के हे गंमत म्हणून लिहिलेलं नसतं. ५८ वर आहेस तर उद्यापासून रोज जा. मॅडमनी बोलवून घेतलं याचा अर्थ त्यांना तुला वाचवायचंय, नाहीतर नोटीस बोर्डावर नाव लावून मोकळ्या झाल्या असत्या.

लेथ_आणि_लाकूड

पोरी, तुझे आण्णा उद्यमनगरात आहेत म्हणालीस म्हणून हक्कानं विचारतो, माझं पण तिथंच शेड आहे, २२ वर्षं झाली. सगळे तुला कॉलेजचं सांगालेत, कुणी अंतरपाटाचं विचारेना. एका नगाला किती तास लागतात? माल किती रुपयाचा? विकतेस कितीला? आम्ही साधा बुश टर्न करायचा तरी आधी मिनिटं मोजतो.

रंकाळ्याची_मासोळी

काका, तास कधी मोजले नव्हते, आत्ता बसून आठवून लिहिलं. गिऱ्हाईकाशी डिझाइनवरनं बोलणं (हे लई चालतं, नवरीला एक पाहिजे असतं आणि सासूला दुसरं) २ तास, पेन्सिलनं काढणं ३, रंगकाम ११, कडा शिवणं आणि इस्त्री-पॅकिंग २. म्हणजे १८. कापड रंग धरून ५५०, बॉक्स आणि कुरिअर १३०. विकतो २२०० ला.

लेथ_आणि_लाकूड

मग ऐक. २२०० तनं ६८० गेले, राहिले १५२०. भागिले १८. तासाला ८४ रुपये आले बघ तुला, त्यात ब्रश झिजला, डोळे दुखले, लाईट बिल हे काय धरलेलं नाही. आणि २६ नग गुणिले १८ म्हणजे ४६८ तास. आजपासून १५ मेपर्यंत ६२ दिवस. रोज साडेसात तास, एक दिवस सुट्टी नाही, आजारी पडायचं नाही. कॉलेज सोडलंस तरी हे जमणार नाही आणि जमलं तरी हाताला काय लागलं, ३९ हजार ५२०.

आता दुसरं गणित कर. नग ३५०० ला. सुटतात २८२०. असले नुसते १४ केलेस तर ३९ हजार ४८०. चाळीस रुपयांचा फरक! आणि २१६ तास मोकळे. तुझा प्रॉब्लेम विद्यापीठाशी नाहीच, तुझा रेट चुकलाय.

गंगावेस_कट्टा

काका विषय हार्ड 🙏

भाकरी_ते_भरीत

लेथवाले भाऊ बोलले ते सोन्याचं पान आहे. मी राजारामपुरीत घरगुती डबे आणि दिवाळीचा फराळ करते, पहिली चार वर्षं अशीच फुकट राबले. बायकांच्या कामाचा रेट घरातच पडतो. नात्यातली येते, म्हणते "तुला काय गं, घरी बसून तर करतेस," आणि आपण लाजून दोनशे कमी करतो. ते दोनशे म्हणजे तुझे अडीच तास गेले बघ. आता मी फलकच लावलाय, नातेवाइकांना तोच दर. दोन नणंदा वर्षभर बोलत नव्हत्या, नंतर त्याच ऑर्डर घेऊन आल्या.

जाता जाता, उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) करून टाक. आधार आणि पॅनवर होते, फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाइट उघडली तर समज की चुकीच्या दारात आलीस. जीएसटीच्या मर्यादेपासून तू फार लांब आहेस पण परराज्यात माल पाठवायला लागलीस की नियम वेगळे होतात, तेव्हा सीएला विचार.

आठ_वर्षांनी_शहाणा

सगळे गोड बोलायलेत म्हणून मी कडू बोलतो. मी इंजिनीअरिंग सोडलं, दुसऱ्या वर्षात, फोटोग्राफीसाठी. कॉलेजचं नाव नको. तेव्हा मला पण सगळे भावा नाद खुळा म्हणत होते. दोन सीझन मस्त गेले, कॅमेरा घेतला, गाडी घेतली. मग कोविड आला, २०२० चा अख्खा उन्हाळी सीझन एकाही लग्नाशिवाय गेला. हप्ते चालू. नोकरी बघायला गेलो तर प्रत्येक ठिकाणी फॉर्मवर पहिला रकाना, पदवी. बारावी पास म्हणून लिहिताना जे वाटलं ते इथं टाइप करत नाही. फोटो चांगले काढतो म्हणून त्या रकान्यात काय भरता येत नाही.

बाबूराव पेंटरांचा दाखला देणाऱ्यांना एक विचारतो, त्यांच्या घरात वडील मिस्त्री, सुतारकाम दगडकाम सगळं येणारे, चुलतभाऊ आनंदराव बरोबरीचा कलाकार. त्यांचं शिक्षण झालंच होतं की, रोज चोवीस तास, फक्त हजेरी घेत नव्हते. आपल्या घरात तसलं काय हाय? यूट्यूब.

आता बाहेरून बीए करतोय. वय ३०. परीक्षेला बसतो तेव्हा शेजारच्या बाकावरची पोरं सर म्हणून हाक मारत्यात.

गंगावेस_कट्टा

भावा, पटलं. माझं वाक्य अर्धं मागं घेतो. अर्धंच.

पायताण_पुराण

आमचं घर चपलेचं, तीन पिढ्या. कापशी, पुकरी, बक्कलनाली हे चपलांचे शब्द मी अ-आ-ई च्या आधी शिकलो. माझा अनुभव उलट्या बाजूनं सांगतो, धंदा घरचा होता आणि कॉलेज मी ओढून आणलं.

जून २०२५ मध्ये ते मिलानचं प्रकरण झालं, प्राडा या इटालियन कंपनीच्या फॅशन शोमध्ये आपली कोल्हापुरी चप्पल आणि नाव कुठंच नाही, ते सगळ्यांनी बघितलंच. लोक चिडले, बरोबरच चिडले, २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय ते काय शोभेला? पण आमच्या घरात त्या आठवड्यात काय झालं सांगतो. इन्स्टावर मेसेज यायला लागले, इंग्रजीत, दुबई, लंडन, कुठनं कुठनं. वडील आणि काका हाताचे राजे, चामडं नुसतं दाबून सांगतील कमावणी कशी झालीय, पण मेसेजला उत्तर कोण देणार? मी बीकॉम तिसऱ्या वर्षाला होतो. बिल कसं करायचं, अॅडव्हान्स किती मागायचा, माल परत आला तर काय, हे मी लिहीत बसलो आणि तेव्हा पहिल्यांदा वाटलं की अकाउंट्सचा तो कंटाळवाणा पेपर माझ्या घरासाठीच लिहिला होता.

आणि दुसरं, आम्ही निम्म्याहून जास्त ऑर्डरी नाकारल्या. हाताची चप्पल, घाई केली की शिवण बोलते. काकांनी सांगितलं, आठवड्याला जेवढे जोड होतात तेवढेच सांग, वाट बघणारा बघेल. गंमत म्हणजे बघितली लोकांनी. "दोन महिने थांबावं लागेल" म्हणाल्यावर गिऱ्हाईक जास्त विश्वास ठेवतंय असं दिसलं.

तुला लग्नाची तारीख आहे, दोन महिने थांब म्हणता येणार नाही हे मान्य. पण "या सीझनच्या जागा भरल्या" म्हणता येतं की.

काळा_कोट_लवकरच

मी एलएलबी दुसरं वर्ष. ऑगस्ट २०२५ ला इथं हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासनं वकील लोकांकडं टायपिंग, ड्राफ्टिंगचं काम भरपूर आलंय, मी संध्याकाळी सहा ते दहा करतो. ताई तुला निदान बाहेरून करायची वाट तरी हाय, आमची पदवी दूरशिक्षणानं चालतच नाही आणि प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी. त्यामुळं डोक्याला विचारच नाही, सकाळ कॉलेजची. वाट बंद असली की बरं असतं कधीकधी.

सायबर_चौक_ते_मेन_बिल्डिंग

जुना माणूस आहे, विद्यापीठाच्या कमवा आणि शिका वसतिगृहात राहून एमए केलं. गावाकडनं पत्र्याची पेटी घेऊन आलो होतो. सकाळी काम, मग लेक्चर, रात्री लायब्ररी. तिथं एक बरं होतं, काम किती तास ते ठरलेलं असायचं. घंटा झाली की खुरपं खाली. घरच्या धंद्याला ती घंटा नसते, त्यामुळं तो रात्रभर पसरतो.

कर्मवीर अण्णांचं (भाऊराव पाटलांचं) नाव आपण फोटोपुरतं घेतो, पण ते आपल्याच जिल्ह्यातले, कुंभोजचे, आणि शाळेत काही फार चमकले नव्हते. ओगल्यांच्या काच कारखान्याचा माल विकत, किर्लोस्करांचे नांगर विकत फिरले. त्या फिरतीत खेडी बघितली आणि १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली. विक्रेत्याचं डोकं होतं म्हणून शाळा चालवता आल्या असं माझं आपलं मत, कुणी भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा.

मासोळी, तू तुझी घंटा ठरव. रात्री दहा म्हणजे दहा. ब्रश धुऊन टाकायचा, ओला ब्रश परत उचलावासा वाटत नाही.

खडू_फळा

ओला ब्रश 👌 हे वर्गात सांगणार.

रंकाळ्याची_मासोळी
रविवार २२ मार्च, रात्री ९:३५

पाडवा झाला, आता सविस्तर लिहितो. सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा. आठ_वर्षांनी_शहाणा दादांचं आण्णांना वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत, नुसतं चष्मा काढून पुसत बसले. लेथवाल्या काकांचं गणित दाखवलं तेव्हा मात्र म्हणाले, मी हेच तुला सांगणार होतो. (सांगणार नव्हते.)

झालं ते असं. २६ पैकी ११ जणांचे अॅडव्हान्स आलेले, त्यांना शब्द दिलाय, जुन्याच रेटला करणार. उरलेल्या १५ नुसत्या बोलून ठेवलेल्या होत्या, त्यांना फोन केला, रेट ३५००. पहिला फोन करताना आवाजच फुटेना, आईनं हातातनं फोन घेतला आणि म्हणाली "हो, पस्तीसशे, हाताचं काम आहे." सहा जण हो म्हणाले, त्यातल्या दोघांनी तर घासाघीस पण नाही केली, म्हणजे मी इतके दिवस वेडाच होतो. पाच जण गेले, एकीनं "एवढ्यात तर साडी येते" म्हणून ऐकवलं. आणि चार मी मैत्रिणीला दिले, ती आर्टला हाय, माझ्यापेक्षा हत्ती चांगला काढते हे मान्य करायला मला एक दिवस लागला.

म्हणजे १७ नग, ३०६ तास. हिशेब केला, हाताला ३३ हजार ६४० येतील. आधीपेक्षा ५ हजार ८८० कमी आणि १६२ तास मोकळे.

लेथ_आणि_लाकूड

५८८० भागिले १६२. छत्तीस रुपयाला एक तास पडला तुला. स्वस्तात घेतलास.

रंकाळ्याची_मासोळी

होय काका 😄 ड्रॉप घेत नाही. सोमवारपासनं रोज लेक्चरला बसालोय, मॅडमना बॅकलॉगचा फॉर्म भरल्याचं दाखवलं, त्या म्हणाल्या अटेंडन्सचं बघू पण एक दिवस बुडवलास तर माझ्याकडं येऊ नकोस. ओजेटीचं विचारलं, विभागप्रमुख म्हणाले अर्ज लिहून दे, याआधी कुणी विचारलंच नव्हतं. बघू काय होतं. तिसऱ्या वर्षाचं आत्ता काय ठरवत नाही, दिवाळीनंतरच्या मुहूर्तांची यादी आली की वहीत आधी परीक्षा लिहिणार आणि मग ऑर्डर, एवढंच.

एक राहिलंच, स्टॅटिस्टिक्समधल्या रिग्रेशनच्या नोट्स कुणाकडं आहेत का? एक्स ऑन वाय आणि वाय ऑन एक्स यात मी दरवेळी उलटंपालटं करतो. गेल्या वेळी तिथंच गेला पेपर.

खडू_फळा

माझ्या हातानं लिहिलेल्या आहेत, आठ पानं. मेसेजमध्ये पाठवतो. उदाहरण तुझ्याच अंतरपाटाचं घे, तास आणि किंमत. उलटंपालटं व्हायचं बंद होईल.

पायताण_पुराण

सर, मला पण पाठवा, धाकट्या भावाला लागतील.

इचलकरंजीची_नवरी

ताई, आत्ताच धागा वाचला, काम खूपच सुंदर आहे तुमचं!! माझं मेच्या पहिल्या आठवड्यात लग्न आहे. एक अंतरपाट हवा होता. आपण एकाच जिल्ह्यातले, तर पस्तीसशेत थोडं कमी होईल का?

भाकरी_ते_भरीत

😂😂😂

रंकाळ्याची_मासोळी

अभिनंदन ताई! कमी नाही होणार. आणि या सीझनच्या जागा भरल्या. मैत्रिणीचा नंबर पाठवतो, तिचा रेट पण पस्तीसशेच हाय, कालच वाढवायला लावला.